ब्रिटनमध्ये पहिले मोटरहोम घेताना : आधी वजन, मग ओल, मग बाकी सारे

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत मोटरहोमचा, म्हणजे आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीचा, विषय बहुधा दोन निमित्तांनी निघतो. मुले शाळेत जाऊ लागली की नेमक्या सुट्ट्यांच्या दिवसांत हॉटेलांचे दर चढलेले आढळतात. आणि आई-वडील भारतातून दोन-चार महिन्यांसाठी आले की सहा माणसांना एकत्र घेऊन स्कॉटलंड किंवा कॉर्नवॉल दाखवण्याची सोय शोधावी लागते. मग एखाद्या रविवारी सगळे डीलरकडे जातात, आतले दिवे, पडदे आणि गुबगुबीत गाद्या पाहतात आणि मांडणी पसंत पडली की लगेच व्यवहाराचे बोलणे सुरू होते. माझे सांगणे असे आहे की हा क्रम उलटा करावा. आतली मांडणी ही सर्वांत शेवटी पाहण्याची गोष्ट आहे. ते वाहन कायद्याने किती वजन वाहू शकते आणि त्याच्या भिंतींत पाणी मुरले आहे की नाही, या दोन प्रश्नांची उत्तरे त्याआधी मिळाली पाहिजेत. पडदे बदलता येतात, गाद्या नव्याने शिवून घेता येतात. परंतु अपुरी भारक्षमता आणि कुजलेला लाकडी सांगाडा यांवर स्वस्तातला उपाय नाही.

पुढील विवेचन इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड येथील नियम गृहीत धरून केले आहे. उत्तर आयर्लंडमध्ये वाहन-तपासणीचे काही नियम वेगळे आहेत.

१. आपला परवाना काढून पाहावा

खरेदीची सुरुवात डीलरकडे न करता आपल्या पाकिटातील परवान्यापासून करावी. ज्यांनी ब्रिटनमधील कारची परीक्षा १ जानेवारी १९९७ रोजी किंवा त्यानंतर उत्तीर्ण केली, त्यांना ‘बी’ वर्गाचा परवाना मिळतो आणि त्यावर डिझेलचे वाहन जास्तीत जास्त ३५०० किलो कमाल अनुज्ञेय वजनाचे चालवता येते. त्यापूर्वी उत्तीर्ण झालेल्यांच्या परवान्यावर सहसा ‘सी-१’ हा वर्गही असतो आणि त्यांना ७५०० किलोंपर्यंतची मुभा असते. मात्र वयाच्या सत्तराव्या वर्षी हा वर्ग वैद्यकीय तपासणी करून नव्याने घ्यावा लागतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत भारतातून आलेली बहुतेक मंडळी पहिल्या गटात मोडतात. भारतीय परवाना ब्रिटिश परवान्याशी थेट बदलून मिळत नाही; येथे वास्तव्यास आल्यापासून १२ महिने तो चालतो आणि त्यानंतर येथील लेखी व प्रत्यक्ष परीक्षा द्यावीच लागते.

येथे एक बारकावा अनेकांच्या लक्षात येत नाही. ज्यांनी परीक्षा ऑटोमॅटिक कारवर दिली, त्यांना मॅन्युअल गिअरचे वाहन चालवण्याची परवानगी नसते, आणि सेकंडहँड बाजारातील जुनी मोटरहोम्स बहुतांशी मॅन्युअल आहेत. पती-पत्नींपैकी एकाचा परवाना ऑटोमॅटिकचा असेल तर लांबच्या प्रवासात चालक एकच उरतो, हे आधीच ठरवून घ्यावे.

३५०० किलोंच्या पुढचे वाहन खरोखर हवे असेल तर ‘सी-१’ची परीक्षा देता येते. तिच्यासाठी वैद्यकीय अहवाल, तात्पुरता परवाना, लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष परीक्षा असे टप्पे आहेत. खासगी वापरासाठी व्यावसायिक चालकांचे वेगळे प्रमाणपत्र लागत नाही. खर्च आणि वेळ दोन्ही जातात, तरीही मोठ्या कुटुंबाने हा मार्ग सुरुवातीलाच नाकारू नये. कारण पुढच्या पायरीवर जे गणित येते ते बरेच कठोर आहे.

२. भारक्षमतेचे गणित कागदावर मांडावे

प्रत्येक मोटरहोमला दोन वजने असतात. एक म्हणजे कमाल अनुज्ञेय वजन, ज्याच्या पुढे वाहन रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे. दुसरे म्हणजे चालू स्थितीतील वजन, ज्यात वाहन, ७५ किलोंचा एक चालक, टाकीच्या क्षमतेच्या ९० टक्के इंधन आणि उत्पादकाने ठरवलेले थोडे पाणी व गॅस धरलेला असतो. या दोहोंतील फरक म्हणजे भारक्षमता, जिला येथे सगळे ‘पेलोड’ म्हणतात. चालकाखेरीज बाकीची माणसे, कपडे, अंथरुणे, भांडी, किराणा, खुर्च्या आणि सायकली हे सर्व याच आकड्यात बसवायचे असते.

उदाहरणादाखल, माहितीपत्रकात कमाल वजन ३५०० किलो आणि चालू स्थितीतील वजन ३०५० किलो दिलेले सहा शय्यांचे मोटरहोम घेऊ. पेलोड ४५० किलो. ऐकायला हा आकडा भरपूर वाटतो. आता त्यात पत्नीचे ६५ किलो, दोन मुलांचे मिळून ७० आणि आई-वडिलांचे मिळून १३० किलो मिळवावेत. ही २६५ किलो झाली आणि १८५ उरले. बाहेरील छत म्हणजे ऑनिंग ३० किलो, जास्तीची बॅटरी २५ आणि सौर पॅनेल १० किलो धरले की उरतात १२०. सहा जणांचे कपडे व अंथरुणे प्रत्येकी दहा किलो धरल्यास ६० उरतात. भांडी आणि किराणा यांचे ३५, बाहेर बसण्याच्या खुर्च्या आणि टेबल यांचे २५ किलो वजा केल्यावर शिल्लक शून्य येते. विजेची केबल, चाकांखाली घालायच्या उंचवट्याच्या पट्ट्या, पावसाळी बूट, मुलांच्या सायकली आणि वाटेत घेतलेले सामान अजून मोजलेलेच नाही.

याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी बारीक अक्षरांत लिहिलेल्या असतात. पहिली अशी की, चालू स्थितीतील वजनात उत्पादकाला पाच टक्के अधिक-उण्याची सवलत असते. म्हणजे ३०५० किलो सांगितलेले वाहन प्रत्यक्षात सुमारे दीडशे किलो जड निघाले तरी ते नियमात बसते आणि तुमच्या पेलोडचा तिसरा हिस्सा तिथेच संपतो. दुसरी गोष्ट पाण्याची. काही उत्पादक चालू स्थितीतील वजनात पूर्ण टाकी धरतात, तर काही प्रवासासाठी जेमतेम २० लिटर धरतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी भरून निघालात तर हिशेबात नसलेले ८० किलो तुमच्याबरोबर निघतात. म्हणून डीलरला ‘पेलोड किती?’ एवढेच न विचारता ‘त्यात पाणी किती धरले आहे आणि कोणती जादा उपकरणे नंतर बसवली आहेत?’ असे विचारावे आणि उत्तर लेखी मागावे.

सेकंडहँड वाहनाबाबत माहितीपत्रकावर विसंबूच नये. त्याचा सध्याचा मालक किंवा डीलर तयार असेल तर वाहन सार्वजनिक वजनकाट्यावर नेऊन एकूण वजन आणि पुढच्या-मागच्या आसांवरील वजन वेगवेगळे करून घ्यावे. वाहनावरील ओळखपट्टीवर चार आकडे असतात : वाहनाचे कमाल वजन, ट्रेलरसह एकत्रित कमाल वजन, पुढच्या आसाची मर्यादा आणि मागच्या आसाची मर्यादा. मागे लांब शेपूट असलेल्या गाडीला सायकलचे रॅक लावले की एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आस मर्यादा ओलांडतो, असे वारंवार घडते. वजन जास्त आढळल्यास तपासणी अधिकारी दंड करतात आणि सामान उतरवल्याखेरीज पुढे जाऊ देत नाहीत. अपघात झाल्यास विमा कंपनीशीही वाद उद्भवू शकतो.

काही वाहनांचे कमाल वजन कागदोपत्री ३५०० वरून वाढवून घेता येते, परंतु तसे करताच ‘बी’ परवान्याच्या चालकाच्या हातून ते निसटते. याउलट, मुळात ३५०० किलोंपेक्षा जास्त क्षमतेचे वाहन कागदावर ३५०० केलेले दिसले तर विशेष सावध व्हावे, कारण त्याचे पेलोड बहुधा अगदीच तुटपुंजे असते.

हे सारे मांडल्यावर माझे मत स्पष्टच सांगतो. ‘बी’ परवान्यावर सहा प्रौढ-मुलांना एकाच मोटरहोममधून नेण्याचा हट्ट धरू नये. चौघांसाठी वाहन घ्यावे. आई-वडील आले असताना त्याच कॅम्पसाइटवरील लाकडी केबिन त्यांच्यासाठी घ्यावी आणि दुसरी कार सोबत न्यावी. त्यांच्या गुडघ्यांनाही ते अधिक मानवते, कारण चालकाच्या डोक्यावरील शय्येपर्यंत शिडी चढून जावे लागते.

३. झोपण्याच्या जागा आणि पट्ट्याच्या जागा वेगळ्या मोजाव्यात

‘सिक्स बर्थ’ याचा अर्थ सहा जण झोपू शकतात एवढाच होतो. सहा जण प्रवास करू शकतात असा होत नाही. प्रवासासाठी सीटबेल्ट असलेल्या आसनांचीच संख्या धरावी. २००७च्या आधीच्या अनेक मोटरहोम्समध्ये मागच्या बैठकीला पट्टे नसतात किंवा बैठक आडवी, म्हणजे रस्त्याच्या दिशेला काटकोनात असते. बारा वर्षांखालील आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांसाठी योग्य बालआसन लागते आणि ते आडव्या बैठकीवर लावता येत नाही. आपल्या मुलाचे बालआसन सोबत न्यावे आणि ते प्रत्यक्ष बसवून पाहावे. अनेक गाड्यांत टेबलाचा पाय किंवा बैठकीचा उतार आड येतो आणि आसन घट्ट बसत नाही.

४. प्रकार आणि आकार

बाजारात मुख्यतः चार प्रकार दिसतात. पहिला कॅम्परव्हॅनचा : फोक्सवॅगन कॅलिफोर्नियासारखी, सुमारे पाच मीटर लांब, छत वर उचलता येणारी, रोजच्या वापरालाही चालणारी. दुसरा पॅनेल व्हॅनचे रूपांतर : बहुधा फियाट ड्युकॅटो, प्यूजो बॉक्सर किंवा सिट्रोएन रिले यांच्या पत्र्याच्या देहात घर बसवलेले. ही तिन्ही मूळची एकच गाडी असून ती मुख्यतः इटलीतील आतेसा येथील कारखान्यात तयार होते. तिसरा कोचबिल्ट : चालकाची केबिन मूळ कंपनीची आणि मागचे घर मोटरहोम उत्पादकाने बांधलेले. चालकाच्या डोक्यावर मोठी शय्या असेल तर त्याला ओव्हरकॅब म्हणतात, छत बसके असेल तर लो-प्रोफाइल. चौथा ‘ए-क्लास’ : पुढील काचेपासून सगळा देह नव्याने बांधलेला, प्रशस्त आणि महाग.

रुंदीकडे लांबीइतकेच लक्ष द्यावे. पत्र्याच्या व्हॅनची रुंदी आरशांखेरीज सुमारे २.०५ मीटर असते, तर कोचबिल्टची साधारण २.३ मीटर. लेक डिस्ट्रिक्टच्या दगडी भिंतींमधल्या रस्त्यांवर किंवा स्कॉटिश हायलँड्सच्या एकपदरी वाटांवर हा पाऊण-एक फूट फार मोठा ठरतो. दुसरीकडे, पावसाच्या चौथ्या दिवशी दोन मुलांसह आत अडकल्यावर तीच रुंदी सुखाची वाटते. ज्यांना फिरण्याची आवड जास्त त्यांनी व्हॅन घ्यावी आणि ज्यांना एका ठिकाणी चार दिवस राहायचे आहे त्यांनी कोचबिल्ट, असा माझा सर्वसाधारण सल्ला आहे.

युरोपातून आयात केलेल्या गाड्यांत घराचे दार उजव्या बाजूला असू शकते. ब्रिटनमध्ये ती वाहतुकीची बाजू आहे. कॅम्पसाइटवर त्याने काही बिघडत नाही, परंतु रस्त्याच्या कडेला थांबून लहान मुलांना उतरवताना ते धोक्याचे आहे.

५. गाडी ठेवणार कोठे आणि चालवणार कोठून

मिल्टन कीन्स, रेडिंग, स्लाव अशा गावांतील नव्या वसाहतींत घर घेतलेल्यांनी आधी घराची खरेदीकागदपत्रे उघडावीत. अनेक नव्या वसाहतींच्या करारात कॅराव्हॅन किंवा मोटरहोम घरासमोर उभे करण्यास मनाई करणारे कलम असते आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीनंतर ते बाहेर निघते. तसे असेल तर गाडी ठेवण्यासाठी सुरक्षित यार्ड भाड्याने घ्यावे लागेल. यार्डांच्या मालकांची ‘कासोआ’ ही संघटना सुरक्षिततेनुसार सुवर्ण, रौप्य व कांस्य अशी वर्गवारी करते आणि विमा कंपन्या ती विचारात घेतात.

लंडनमधील वाचकांसाठी दुसरा मुद्दा ‘युलेझ’चा, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या वाहनांवर शुल्क लावणाऱ्या क्षेत्राचा. २९ ऑगस्ट २०२३ पासून हा क्षेत्रनियम लंडनच्या सर्व बरोंना लागू झाला आहे. म्हणजे हॅरो, वेम्ब्ली, हाउन्स्लो येथे राहणारे सगळे त्याच्या कक्षेत येतात. साडेतीन टनांपर्यंतचे डिझेल वाहन ‘युरो-६’ या प्रदूषण-मानकाचे नसेल तर ज्या दिवशी ते चालवाल त्या दिवसाचे १२.५० पौंड भरावे लागतात. मोटरहोमबाबत अडचण अशी की मूळ चॅसिस आधी तयार होते आणि घर बांधून नोंदणी नंतर होते, त्यामुळे २०१६-१७ मध्ये नोंदलेले वाहनही युरो-५ असू शकते. नोंदणीच्या वर्षावरून अंदाज न बांधता लंडनच्या वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर क्रमांक घालून खात्री करावी. साडेतीन टनांपुढच्या वाहनांना वेगळा, अधिक कडक नियम लागू होतो.

वेगमर्यादेचाही वजनाशी संबंध आहे. रिकामे वजन ३.०५ टनांपर्यंत असल्यास कारच्याच मर्यादा लागू होतात. त्याहून जड असल्यास दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर ताशी ५० मैल आणि दुभाजक असलेल्या ड्युअल कॅरेजवेवर ६० मैल ही मर्यादा आहे. समुद्रकिनाऱ्यावरील अनेक वाहनतळांना सुमारे दोन मीटर उंचीवर आडवा दांडा असतो, आणि कोचबिल्ट जवळपास तीन मीटर उंच असते.

६. एकदा भाड्याने घेऊन पाहावे

शक्यतो ऑक्टोबरात, म्हणजे थंडी व पाऊस असताना, आपल्याला हव्या त्याच प्रकारचे वाहन एखादा आठवडा भाड्याने घ्यावे. उन्हाळ्यात कोणतेही मोटरहोम आवडते. थंडीत ओले कोट कोठे टांगायचे, रात्री बाथरूमला जाताना कोणाला ओलांडावे लागते आणि शय्या दररोज मांडून मोडण्याचा कंटाळा येतो का, हे कळते. कॅराव्हॅन अँड मोटरहोम क्लब ही १९०७ साली स्थापन झालेली संस्था मोठे वाहन वळवण्या-मागे घेण्याचे प्रशिक्षणही देते. पहिल्या खरेदीआधी ते घेतल्यास आकाराचा निर्णय बदलू शकतो.

७. कोणाकडून घ्यावे

नव्या कोचबिल्टची किंमत आता बहुतेक वेळा साठ-सत्तर हजार पौंडांच्या पुढे जाते आणि पहिल्या काही वर्षांत ती वेगाने घसरते. म्हणून पहिल्या खरेदीसाठी तीन ते आठ वर्षांचे, सर्व्हिसच्या नोंदी असलेले वाहन डीलरकडून घेणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. बर्मिंगहॅमच्या एनईसी केंद्रात फेब्रुवारी आणि ऑक्टोबरमध्ये मोठी प्रदर्शने भरतात. तिथे एका दिवसात पुष्कळ मांडण्या पाहून होतात, पण सही तिथे करू नये. वसंत ऋतूत मागणी चढते. हिवाळ्याच्या तोंडाशी विक्रेता बोलायला अधिक तयार असतो.

डीलरकडून घेतल्यास २०१५चा ग्राहक हक्क कायदा पाठीशी असतो. वस्तू समाधानकारक दर्जाची, वर्णनाप्रमाणे आणि उद्देशास योग्य असली पाहिजे. गंभीर दोष आढळल्यास पहिल्या ३० दिवसांत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर दुरुस्तीची एक संधी विक्रेत्याला द्यावी लागते, आणि पहिल्या सहा महिन्यांत दोष मुळात नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. खासगी विक्रेत्याकडून घेताना यातील बहुतेक संरक्षण मिळत नाही. वाहन वर्णनाप्रमाणे असावे आणि ते विकण्याचा अधिकार विक्रेत्याला असावा, एवढेच तिथे मागता येते. खासगी व्यवहार स्वस्त पडतो हे खरे, पण स्वतः तपासणी करण्याची तयारी असलेल्यानेच तो करावा.

८. ओल शोधावी

कोकणातील कौलारू घर ज्याने पावसाळ्यात पाहिले आहे त्याला ओल वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मोटरहोमच्या भिंती बाहेरचा पातळ पत्रा किंवा फायबर, मध्ये उष्णतारोधक थर आणि अनेकदा लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, आत प्लायवुड अशा असतात. जिथे दोन तुकडे जुळतात तिथे सीलंट असतो. हा सीलंट वयाने आणि हादऱ्यांनी फाटतो, पाणी केसाएवढ्या फटीतून आत जाते आणि वर्षानुवर्षे दिसत नाही. दिसू लागते तेव्हा लाकूड स्पंजासारखे झालेले असते आणि दुरुस्तीचा खर्च हजारो पौंडांत जातो.

म्हणून वाहन पाहायला शक्यतो पावसानंतर जावे. आत शिरताच वास घ्यावा. कुबट वास किंवा तो झाकण्यासाठी ठेवलेले उग्र सुगंधी द्रव्य, दोन्ही संशयास्पद आहेत. खिडक्यांचे खालचे कोपरे, छतावरील काचेच्या झडपांच्या कडा, ऑनिंगच्या पट्टीमागची भिंत, मागचे दोन्ही उभे कोपरे आणि ओव्हरकॅब शय्येची नाकाकडची बाजू अंगठ्याने दाबून पाहावी. गाद्या उचलाव्यात, कपाटांचे तळ रिकामे करून टॉर्च मारावा. भिंतीच्या कागदाला फुगवटा, तपकिरी डाग, जमिनीवर चालताना मऊपणा किंवा एकाच ठिकाणी नवी कोरी प्लायवुड दिसली तर कारण विचारावे.

डोळ्यांनी तपासून झाल्यावर आर्द्रतामापकाचे आकडे पाहावेत. १५ टक्क्यांपर्यंत चिंता नाही, १५ ते २० असल्यास लक्ष ठेवावे, २० ते ३० असल्यास पुढील तपासणी हवी आणि ३० च्या वर असल्यास सांगाड्याला इजा झालेली असू शकते, असा सर्वसाधारण दंडक आहे. दरवर्षीच्या ‘हॅबिटेशन’ तपासणीत गॅस, वीज, पाणी, वायुवीजन यांच्याबरोबर हे आकडे आकृतीवर नोंदवले जातात. मागील तीन-चार वर्षांचे अहवाल एकाखाली एक ठेवून एखाद्या कोपऱ्याचा आकडा चढत गेला आहे का ते पाहावे. उत्पादकाची गळतीविरोधी वॉरंटी अनेकदा याच वार्षिक तपासणीवर अवलंबून असते. एक वर्ष चुकले की ती रद्द होऊ शकते. डीलरने स्वतः केलेल्या अहवालापेक्षा आपण पैसे देऊन आणलेल्या स्वतंत्र तंत्रज्ञाचा अहवाल मला अधिक मोलाचा वाटतो. काहीशे पौंडांचा तो खर्च वाचवू नये.

९. गाडी, गॅस, पाणी आणि स्वयंपाकघर

मोटरहोम फार कमी चालवले जाते, त्यामुळे कमी मैल पाहून हुरळून जाऊ नये. टायमिंग बेल्ट मैलांबरोबर वयानेही जुना होतो; तो बदलल्याची पावती मागावी. टायरवर चार आकडी उत्पादनखूण असते : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खोबणी नव्यासारखी दिसत असूनही कडेला भेगा असतील तर चारही टायरांचा खर्च किमतीतून वळता करून घ्यावा. २००६ साली आलेल्या ड्युकॅटोच्या सुरुवातीच्या गाड्यांत चढावर मागे घेताना क्लच थरथरण्याचा दोष प्रसिद्ध आहे. त्या वयाची गाडी घेणाऱ्याने चढावर रिव्हर्स घेऊनच पाहावे.

घराच्या भागातील प्रत्येक वस्तू चालू करून दाखवायला सांगावी. फ्रिज तीन प्रकारे चालतो असे सांगितले असेल तर गॅसवर, विजेवर आणि इंजिन चालू असताना असा तिन्ही प्रकारे तपासावा. गार होण्यास काही तास लागतात, म्हणून विक्रेत्याला आदल्या दिवशी कळवून तो चालू ठेवायला सांगणे सोयीचे. बॉयलरमधून गरम पाणी येईपर्यंत थांबावे. थंडीत पाणी न काढल्याने बॉयलर फुटण्याचे प्रकार होतात आणि तो बदलणे महागात जाते. गॅसच्या रबरी नळीवर आणि रेग्युलेटरवर तारीख असते, तीही वाचावी. हिवाळ्यात जायचे असेल तर प्रोपेन हवा, कारण ब्यूटेनची शून्य अंशाच्या आसपास वाफ होत नाही.

स्वयंपाकघर आपल्या सवयींनी तपासावे. येथील शेगड्या लहान भांड्यांच्या हिशेबाने बनवलेल्या असतात. पाच लिटरचा कुकर आणि कढई शेजारी-शेजारी बसतात का, हे ती भांडी बरोबर नेऊनच कळते. फोडणीचा वास गाद्यांत आठवडाभर राहतो, म्हणून शेगडीजवळ उघडणारी खिडकी किंवा बाहेर हवा फेकणारा पंखा हवाच. बाहेरच्या भिंतीवर गॅसची जोडणी असेल तर तळणे बाहेर करता येते. शौचालयात पाण्याचा वापर करणाऱ्यांनी शॉवरची नळी कमोडपर्यंत पोहोचते का ते पाहावे. पुष्कळ गाड्यांत ती पोहोचते आणि स्वतंत्र व्यवस्था लागत नाही.

१०. कागदपत्रे

नोंदणी क्रमांक घालून एमओटी या सक्तीच्या वार्षिक वाहन-तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर मोफत पाहता येतो. दरवर्षीचे मैल आणि तपासनिसांचे शेरे त्यात असतात. व्ही-५-सी हे नोंदणीपत्र मालकीचा पुरावा नव्हे. ते फक्त नोंदणीकृत धारक कोण ते सांगते. म्हणून खरेदीची पावती पाहावी, वाहन विक्रेत्याच्या घरीच पाहावे आणि पत्ता नोंदणीपत्राशी जुळवावा. चॅसिस क्रमांक पट्टीवरचा, देहावरचा आणि कागदावरचा एकच असावा. थकीत कर्ज, चोरी आणि विम्याने बाद केलेल्या गाड्यांची चौकशी काही पौंडांत होते. ती पैसे देण्याच्या दिवशी करावी, कारण आठवड्यापूर्वीचा अहवाल शिळा असतो. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त गाडी, परदेशी असलेला मालक आणि वाहतूक कंपनीच्या ताब्यात असलेले वाहन ही फसवणुकीची नेहमीची कथा आहे.

घरगुती रूपांतर केलेल्या व्हॅनच्या नोंदणीपत्रावर ‘मोटर कॅराव्हॅन’ असे लिहिलेले आहे का ते पाहावे. नसेल तर विमा कंपनीला तसे आधी सांगून भाव घ्यावा. १ सप्टेंबर २०१९ ते ११ मार्च २०२० या काळात नोंदलेल्या काही मोटरहोम्सना कारच्या प्रदूषण-दराने जबर रस्ताकर लागला होता, म्हणून त्या महिन्यांतील गाडीचा कर क्रमांकावरून तपासल्याखेरीज किंमत ठरवू नये.

११. पैसे आणि ताबा

अनामत रक्कम देताना पावतीवर ‘स्वतंत्र ओल-तपासणी व हॅबिटेशन अहवाल समाधानकारक असल्यास’ अशी अट लिहून घ्यावी. किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल तर अनामत क्रेडिट कार्डाने द्यावी. १९७४च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५व्या कलमानुसार विक्रेत्याबरोबर कार्ड कंपनीलाही पूर्ण व्यवहाराला जबाबदार धरता येते. विम्याचा भाव ताबा घेण्याच्या आधी मिळवावा. ब्रिटिश परवाना नवा असल्यास कंपन्या ट्रॅकरची किंवा जास्त हप्त्याची अट घालतात.

ताबा घेण्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा आणि प्रत्येक यंत्रणेचे स्पष्टीकरण चालू असताना मोबाइलवर चित्रित करावे. घरी परतण्याची घाई न करता पहिल्या दोन रात्री डीलरपासून तासाभराच्या अंतरावरील कॅम्पसाइटवर काढाव्यात, सगळे नळ, दिवे, हीटर आणि शय्या वापरावीत. त्यानंतर पहिल्या मोठ्या पावसात छताच्या झडपा आणि खिडक्यांचे कोपरे पुन्हा पाहावेत. जे दोष आढळतील त्यांची छायाचित्रांसह यादी डीलरला ईमेलने पाठवावी. दूरध्वनीवरील तक्रारीची नोंद राहत नाही, आणि ३० दिवसांची मुदत वाहन ताब्यात आल्यापासून मोजली जाते.